ॲड्रिनलची कमतरता ओळखायची कशी आणि तातडीत काय करायचं: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागासाठी

दूधगंगा

उलट्या, पोटदुखी, लो बीपी, अंगात त्राण नाही. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पित्ताच्या गोळ्या होतात, टॉनिक होतं, एंडोस्कोपीही होते. असे महिने जातात आणि एखाद्या साध्या तापात किंवा जुलाबात माणूस कोसळतो. यामागे ॲड्रिनलची कमतरता असू शकते. वेळेत ओळखली तर रोजच्या दोन-तीन गोळ्यांवर माणूस ऊसतोडही करतो, दुकानही चालवतो. ओळखली नाही तर जीव जातो. म्हणून हा धागा.

ॲड्रिनल म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी. त्या कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन तयार करतात. कॉर्टिसोल रक्तदाब आणि साखर धरून ठेवतं आणि ताप, जखम, ऑपरेशन अशा ताणात शरीराला उभं ठेवतं. अल्डोस्टेरॉन मीठ अडवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं.

बिघाड दोन ठिकाणी होतो. ग्रंथीच खराब झाली तर दोन्ही हार्मोन कमी पडतात. हाच ॲडिसनचा आजार, थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला. ग्रंथी ठीक आहे, पण मेंदूतल्या पिट्यूटरीकडून हुकूमच येत नाही, तेव्हा फक्त कॉर्टिसोल कमी पडतं. बाहेरून स्टेरॉइड (कॉर्टिसोलसारखं काम करणारं औषध) घेऊन झोपलेली ग्रंथी या दुसऱ्या प्रकारात मोडते आणि सगळ्यांत जास्त पेशंट तेच असतात.

पहिल्या प्रकारात कातडी काळवंडते, मीठ खावंसं वाटतं, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त येतं. दुसऱ्यात काळवंडणं नाही आणि पोटॅशियम ठीक असतं. थकवा, वजन उतरणं, मळमळ, उभं राहिल्यावर चक्कर, साखर कमी होणं हे दोन्हींत सारखंच.

वेदगंगा

थकवा आणि चक्कर तर निम्म्या गावाला असते ओ. आशाताई किंवा गावातल्या डॉक्टरांनी संशय घ्यायचा कधी, तेवढं नेमकं सांगा की. आणि उन्हात काम करणाऱ्याची कातडी काळीच असते, त्यात काळवंडणं ओळखायचं कसं?

दूधगंगा

कातडीचं आधी सांगतो, कारण चूक तिथेच जास्त होते. उन्हानं चेहरा, मान, हात काळे होतात. तळहाताच्या रेघा उन्हानं काळ्या होत नाहीत. पेशंटला उजेडात बसवा, तळहात पूर्ण ताणून उघडायला सांगा आणि रेघांच्या तळाशी बघा. आजूबाजूचा तळवा फिकट आणि रेघ मात्र काजळ भरल्यासारखी दिसली तर ती खूण धरा. मग बोटांचे सांधे, कोपर, स्तनाग्रांभोवतीचा भाग आणि कमरेला नाडी किंवा पट्टा घासतो ती जागा बघा. गेल्या वर्षभरातला व्रण काळा आणि त्याच माणसाचा जुना व्रण फिकट, असा फरकही महत्त्वाचा. आधार कार्डावरचा फोटो शेजारी धरला की घरचेच सांगतात, "रंग बदललाय."

तोंडात टॉर्च मारून गालाच्या आतली बाजू, हिरड्या आणि जीभ बघतात. निपाणी-चिकोडी पट्ट्यात मात्र एक अडचण आहे. मशेरी आणि तंबाखूनं हिरड्या आणि गालाची आतली बाजू तशीही काळी पडते. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडावरून निर्णय घेऊ नका, तळहात आणि व्रणांवर भर द्या. उलटही होतं. बी १२ कमी असलं तरी बोटांचे सांधे काळे पडतात आणि आपल्याकडे ते खूप आढळतं. म्हणून बी १२ तपासा, पण ते कमी निघालं म्हणून शोध तिथंच थांबवू नका, विशेषतः बीपी खाली असेल तर.

संशय कधी घ्यायचा? थकव्यासोबत वजन उतरतंय आणि बीपी १०० च्या आत राहतंय तेव्हा. लोणच्याचा खार किंवा नुसतं मीठ चाटायची ओढ नव्यानं लागलीय तेव्हा. मधुमेहाच्या पेशंटला डोस न वाढवता साखर वारंवार खाली जातेय तेव्हा. आणि सलाईननं दोन दिवस बरं वाटणं ही तर खूणच आहे. सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, नेमकं तेच त्याचं शरीर गमावत असतं.

बीपी फक्त बसवून घेऊ नका. ५ मिनिटं झोपवून घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर नोंद करा.

मार्कंडेय

लॅबच्या बाजूनं लिहितो, कारण अर्धे घोटाळे नमुना घेतानाच होतात.

कॉर्टिसोल सकाळी ८ च्या आसपास घ्यायचं. दुपारी ४ ला घेतलेलं कमी आलं तर त्याला काही अर्थ नाही, ते तसंही उतरलेलंच असतं. रात्रपाळी करणाऱ्याचं त्याच्या उठण्याच्या वेळेनुसार बघायला हवं. आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये देतो. ३ च्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या सगळ्यांना उत्तेजन चाचणी लागते, म्हणजे इंजेक्शन देऊन ग्रंथी कॉर्टिसोल वाढवते का ते बघणं. अत्यवस्थ माणसाचं मात्र वेगळं. इतक्या ताणात कॉर्टिसोल उंच असायलाच हवं, तिथं ८ किंवा १० ला "नॉर्मल" म्हणणं ही मोठी चूक.

प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइडं यंत्राला कॉर्टिसोलसारखीच दिसतात, म्हणून शेवटच्या गोळीनंतर किमान २४ तास गेलेले हवेत. डेक्सामेथासोन यंत्राला दिसत नाही, पण ग्रंथीला दाबतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसोल खोटं जास्त येतं. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचे आकडे काही यंत्रांवर चुकतात.

एसीटीएच म्हणजे पिट्यूटरीकडून ॲड्रिनलला जाणारा हुकूम, आणि हा तर फार नाजूक नमुना. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब आधीच बर्फात गार करून ठेवायची, रक्त घेतल्याबरोबर पुन्हा बर्फात, लगेच थंड सेंट्रिफ्यूज आणि प्लाझ्मा गोठवून पाठवायचा. तालुक्याच्या केंद्रात घेतलेली ट्यूब दुपारच्या एसटीनं साध्या डब्यातून गेली तर एसीटीएच वाटेतच नष्ट होतं. रिपोर्ट कमी येतो आणि ग्रंथीचा आजार पिट्यूटरीचा ठरतो. बर्फाची सोय नसेल तर तिथं नमुना देऊच नका, बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला मोठ्या लॅबमध्ये समोर बसून द्या. कॉर्टिसोल कमी आणि एसीटीएच वरच्या मर्यादेच्या दुप्पट, असं निघालं की दोष ग्रंथीत.

पोटॅशियमचंही तसंच. सुई टोचताना ओढाताण झाली, रक्त फुटलं किंवा नमुना तासन् तास पडून राहिला की पोटॅशियम खोटं वाढतं. एकट्या वाढलेल्या पोटॅशियमवर विसंबू नका, आणि ते नॉर्मल आलं म्हणून ॲडिसन नाही असंही म्हणू नका.

उत्तेजन चाचणीत २५० मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएच) शिरेतून किंवा स्नायूत देतात आणि ० व ३० किंवा ६० मिनिटांनी कॉर्टिसोल बघतात. जुन्या पद्धतीच्या किटवर १८ ही रेघ होती. नव्या किटवर ती १४-१५ वर येते, म्हणून लॅबला किट विचारा. ते इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, तिथं लांब टिकणारं एसीटीएच २५-३० युनिट स्नायूत देऊन ६० मिनिटांचा नमुना घेतात. तेही चालतं.

औषधपेटी

दूधगंगांनी "बाहेरून स्टेरॉइड" एका ओळीत संपवलं. त्यावर सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या भागात हाच मोठा रस्ता आहे.

सांधेदुखी, कंबर, दमा, खाज यांवर बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. कागदात बांधलेल्या, कधी पांढरी पूड, कधी त्यात एक छोटी गोळी. सगळ्या पुड्यांत स्टेरॉइड असतंच असं नाही, पण या खुणा जुळल्या तर धरून चाला: वर्षानुवर्षांची दुखणी एका दिवसात थांबली, भूक वाढली, तोंड गोल आणि लाल झालं, पोटावर जांभळट पट्टे आले, हाताची कातडी पातळ होऊन जरा धक्का लागला की निळं होतं, आणि पुडी दोन दिवस चुकली की अंग मोडून येतं. ते अंग मोडणं म्हणजे जुना आजार उलटला असं नसतं, ग्रंथी झोपल्याची हाक असते.

बेटामेथासोनची ०.५ मिग्रॅची गोळी वजन वाढावं म्हणूनही घेतली जाते. अशा दोन गोळ्या म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ८ मिग्रॅ. हिशेब असा: प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन २०, मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकॉर्ट ६, डेक्सामेथासोन ०.७५, बेटामेथासोन ०.६ च्या आसपास. प्रेडनिसोलोनच्या ५ मिग्रॅइतकं किंवा जास्त औषध ३-४ आठवड्यांहून अधिक घेतलं असेल तर ग्रंथी दबली असं समजूनच पुढं जायचं.

गोळीच नाही तर इतरही वाटा आहेत. गुडघ्यात दिलेलं ट्रायमसिनोलोनचं एक इंजेक्शनही काही आठवडे दाबू शकतं. गजकर्णावर महिनोन् महिने चोळलेलं क्लोबेटासॉलचं मलम. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन जास्त डोसमध्ये. त्यातच गजकर्णासाठी इट्राकोनाझोल सुरू झालं की पंपातलं स्टेरॉइड शरीरात तुंबतं. पंप एकीकडून, कॅप्सूल दुसऱ्या डॉक्टरांकडून, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पुडीत स्टेरॉइड आहे असं कळल्यावर घरचे ती रागानं गटारात टाकतात. टाकू नका, आणि एकदम बंदही करू नका. राहिलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते त्याच दिवशी ठरावीक मापाचं स्टेरॉइड सुरू करतील आणि पुढं कमी करत नेतील.

वेदगंगा

कमी करायचं म्हणजे किती दिवसांत? एक आठवड्यात १० वरून ० असं चिठ्ठीवर दिसतं.

दूधगंगा

तीन आठवड्यांच्या आतला कोर्स असेल तर तसं चालतं. महिनोन् महिने घेतलं असेल तर नाही. वरून ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनपर्यंत मूळ आजार बघून भरभर येता येतं. अवघड टप्पा ५ च्या खाली. दर ४ आठवड्यांनी १ मिग्रॅ कमी, किंवा ५ वर थांबवून सकाळचं कॉर्टिसोल बघायचं, गोळीला २४ तास झाल्यावर आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी. १० च्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली, बंद करता येतं. ५ ते १० असेल तर तोच डोस चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा. ५ च्या खाली असेल तर काही महिने थांबा. ग्रंथी जागी व्हायला वर्षही लागतं. त्यात पेशंटचा दोष नाही, आणि "सवय लागली" म्हणून त्याला बोल लावणं तर अन्यायाचं आहे.

मार्कंडेय

ग्रंथीच खराब होण्याची कारणंही लिहा. क्षयाचं लोक विसरतात.

दूधगंगा

विसरू नयेच. ॲडिसन यांच्या काळात क्षय हेच मोठं कारण होतं आणि आपल्या देशात ते अजून संपलेलं नाही. क्षयाचे जंतू रक्तातून ग्रंथीत जातात आणि फुफ्फुस बरं झाल्यावरही अनेक वर्षांनी कमतरता उघड होते. सीटी स्कॅनमध्ये आधी दोन्ही ग्रंथी फुगलेल्या दिसतात, नंतर आकसतात आणि चुना साचतो. दोन्ही फुगलेल्या असतील आणि क्षय सापडत नसेल तर हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी शोधा, मधुमेहींमध्ये विशेषतः. त्यासाठी सुईनं तुकडा काढून तपासावा लागतो. न तपासता क्षयाची औषधं सुरू केली तर बुरशी वाढत राहते. ग्रंथी आकसलेल्या असतील आणि सोबत थायरॉइड, लहानपणापासूनचा मधुमेह किंवा कोड असेल तर शरीरानंच ग्रंथीवर हल्ला केलेला असतो.

क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल भराभर मोडायला लावतं. ज्याची ग्रंथी जेमतेम चालू आहे तो औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कोसळतो. लोक म्हणतात "टीबीची गोळी बाधली", गोळ्या बंद होतात आणि क्षय वाढतो. क्षयाच्या पेशंटला उलट्या आणि लो बीपी सुरू झालं तर यकृताच्या तपासणीबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि कॉर्टिसोल बघा. आधीपासून हायड्रोकॉर्टिसोनवर असेल तर रिफाम्पिसिनच्या काळात डोस साधारण दुप्पट लागतो. कोर्स संपल्यावर दोनेक आठवड्यांत तो असर ओसरतो, तेव्हा डोस परत खाली आणायला विसरू नका. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्याही असंच करतात.

सिस्टर_खानापूर

बाळंतपणानंतरचं एक राहिलं. प्रसूतीत खूप रक्तस्राव झाला, बीपी पडलं, नंतर दूध आलंच नाही, पाळी परतली नाही, काखेतले केस गेले, अंग फिकट पडलं. हे शीहान सिंड्रोम, पिट्यूटरीला रक्त न मिळाल्यानं होतं. कधी दहा-पंधरा वर्षांनी "सोडियम कमी" म्हणून ती बाई ॲडमिट होते. प्रत्येक बाईला विचारायचे दोन प्रश्न: शेवटच्या बाळाला दूध आलं होतं का? पाळी परत आली का? एवढ्यावर निदान निघतं.

आणि तिचं थायरॉइडही कमी निघतं. तिथं थायरॉक्सिन आधी सुरू करू नका. ते कॉर्टिसोलची गरज वाढवतं आणि बाई कोसळते. आधी हायड्रोकॉर्टिसोन, काही दिवसांनी थायरॉक्सिन.

औषधपेटी

रोजचा डोस लिहितो, डॉक्टरांनी दुरुस्त करावा. मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिग्रॅ, दोन-तीन वेळांत. उदाहरणार्थ उठल्याबरोबर १०, दुपारी ५, संध्याकाळी ४-५ ला २.५ किंवा ५. शेवटचा डोस झोपेच्या ४ ते ६ तास आधी, नाहीतर झोप येत नाही. गोळी घड्याळानं नाही, उठण्यानं घ्यायची: धारेला पहाटे ४ ला उठणाऱ्याची पहिली गोळी ४ ला, कारखान्यात रात्रपाळी करून दुपारी उठणाऱ्याची दुपारी. गोळी मिळत नसेल किंवा तीनदा घेणं जमत नसेल तर प्रेडनिसोलोन ३ ते ५ मिग्रॅ. खेड्यात तेही व्यवहार्य आहे.

ग्रंथी खराब असेल तर अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागतं. ५०-१०० मायक्रोग्रॅम सकाळी एकदा सुरू करून ५० ते २०० मध्ये बसवतात. गोळी बहुधा १०० मायक्रोग्रॅमची असते. लेबल वाचा, काही कंपन्यांची फ्रिजमध्ये ठेवायची असते. आणि गावातल्या दुकानात ती नेहमी नसते, म्हणून पंधरा दिवसांचा साठा उरला की पुढची मागवा. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे रस्ता बंद झाला तर महिन्याचा साठा घरात हवा.

दूधगंगा

बरोबर आहे. भर एवढीच: डोस बरोबर आहे का हे कॉर्टिसोल तपासून कळत नाही. वजन, भूक, उभं राहिल्यावरचं बीपी, सोडियम-पोटॅशियम आणि जमलं तर रेनिन (मीठ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) यांवरून कळतं. मीठ खायची ओढ परतली, चक्कर आली तर फ्लुड्रोकॉर्टिसोन कमी पडतंय. पाय सुजले, बीपी वाढलं तर जास्त होतंय, तेव्हा डोस घटवा, पूर्ण बंद करू नका. या पेशंटला "मीठ कमी खा" हा सल्ला विष आहे. एप्रिल-मेमध्ये शेतात घाम गाळणाऱ्याला जास्तीचं मीठ लागतं. बीपीच्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीपासून दूर, ती फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या नेमकी विरुद्ध काम करते.

वेदगंगा

ताप आला तर डोस वाढवायचा म्हणतात. किती आणि कधीपर्यंत?

दूधगंगा

१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२ च्या वर गेला तर तिप्पट. ताप असेपर्यंत, साधारण २-३ दिवस, मग सरळ मूळ डोसवर. पायरी पायरीनं उतरवायची गरज नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच. दात काढायचा असेल तर आधी जास्तीचा डोस आणि दंतवैद्याला सांगून. मोठ्या ऑपरेशनला भूल देताना १०० मिग्रॅ आणि मग २४ तासांत २०० मिग्रॅ. बाळंतपणात कळा नीट सुरू झाल्या की तसंच.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही उलटली, किंवा जुलाब थांबत नाहीत, किंवा माणूस गुंगीत आहे, तर गोळीचा विचार सोडा. इंजेक्शन द्या आणि दवाखान्यात न्या. गोळी पोटात राहत नाही म्हणजे औषध बंद झालं, हे लक्षात ठेवा. गॅस्ट्रोच्या साथीत हेच होतं.

सिस्टर_खानापूर

इंजेक्शनचं सगळं नीट लिहिते, घरच्यांनी वाचून दाखवावं.

पेटीत काय हवं: हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट १०० मिग्रॅच्या दोन व्हायल, २ मिलिचं निर्जंतुक पाणी दोन, ५ मिलिच्या दोन सिरिंज, २३ नंबरच्या एक इंची सुया चार, स्पिरिटचा कापूस, आणि कार्ड. नाव पूर्ण वाचा. हायड्रोकॉर्टिसोन ॲसिटेट नावाचं इंजेक्शन सांध्यासाठी असतं, ते सावकाश सुटतं आणि इथं उपयोगाचं नाही. दुकानात नुसतं "हायड्रोकॉर्टिसोन द्या" म्हटलं की तेही हातात येऊ शकतं.

व्हायलचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, रबर स्पिरिटनं पुसा. २ मिलि पाणी आत सोडा, व्हायल तळहातांमध्ये फिरवा. जोरात हलवली तर फेस येतो. पूड विरघळून पाणी स्वच्छ दिसलं की पूर्ण ओढून घ्या, सुई बदला, हवा काढा. मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघ्याच्या मधोमध. सुई सरळ ९० अंशांत आत, औषध सोडा, सुई काढून कापसानं दाबा. अगदीच घाई असेल तर पातळ कपड्यावरूनही चालतं. मग वेळ कार्डावर लिहा आणि १०८ ला फोन करा. इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका, पुढची ड्रिप लागतेच.

मुलांसाठी एक वर्षाखाली २५ मिग्रॅ म्हणजे वरच्या मिश्रणातलं ०.५ मिलि, १ ते ५ वर्षं ५० मिग्रॅ म्हणजे १ मिलि, ६ च्या पुढं पूर्ण १०० म्हणजे २ मिलि.

घरच्यांना भीती असते की गरज नसताना दिलं तर? एक जादा डोस काही बिघडवत नाही. न दिल्यानं मात्र माणूस जातो.

पेटी २५ अंशांच्या आत, अंधारात. गाडीच्या डिकीत, कौलाखालच्या माळ्यावर किंवा चुलीजवळच्या फळीवर नको.

हिडकल

मुलांचा विषय निघालाच आहे तर. नवजात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दूध पीत नाही, ओकतं, वजन घटतं, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, तर जन्मजात ॲड्रिनलचा दोष, सीएएच, आधी मनात आणा. मुलीची जननेंद्रियं जन्मतः वेगळी दिसली तर लगेच संशय येतो. मुलगा बाहेरून ठीक दिसतो आणि म्हणून त्याचं निदान चुकतं, "जंतुसंसर्ग" म्हणून प्रतिजैविकं चालू राहतात. १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासा. घरात आधी एखादं बाळ महिन्याच्या आत गेलं होतं का, हे आजीला विचारा, तिला आठवत असतं. वाढत्या वयात हायड्रोकॉर्टिसोनच द्यायचं, प्रेडनिसोलोन-डेक्सामेथासोननं उंची खुंटते. तान्ह्या बाळाला फ्लुड्रोकॉर्टिसोनसोबत दिवसाला १-२ ग्रॅम मीठही लागतं, दिवसभराच्या दुधात थोडं थोडं विभागून.

मार्कंडेय

दवाखान्यात कोसळलेला पेशंट आला तर क्रम काय? रिपोर्ट येईपर्यंत थांबतात, असं दिसतं.

दूधगंगा

थांबायचं नाही. शिरेला सुई लावतानाच कॉर्टिसोलसाठी एक ट्यूब भरून बाजूला ठेवा, ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेत. शीर मिळत नसेल तर मांडीत. सोबत नॉर्मल सलाईन पहिल्या तासात १ लिटर, वृद्ध आणि हृदयरोगी असेल तर छाती ऐकत ऐकत सावकाश. साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज. पुढं दर ६ तासांनी ५० मिग्रॅ किंवा २४ तासांत २०० मिग्रॅ ड्रिपमधून. या डोसला फ्लुड्रोकॉर्टिसोन लागत नाही, दिवसाचा डोस ५० च्या खाली आला की ते सुरू करा. हायड्रोकॉर्टिसोन नाहीच मिळालं तर डेक्सामेथासोन ४ मिग्रॅ द्या आणि पाठवा. ते मीठ धरत नाही, पण जीव धरतं.

कुठं चुकतं? नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज चढवलं तर सोडियम आणखी उतरतं. बीपी चढवायचं नॉरॲड्रिनलिन वाढवत राहतात आणि बीपी हलत नाही, कारण कॉर्टिसोलशिवाय रक्तवाहिन्या त्याला दाद देत नाहीत. पोटॅशियम ६ बघून इन्सुलिन देतात आणि साखर कोसळते, खरं तर स्टेरॉइड आणि सलाईननंच ते बहुतेकदा उतरतं. ईसीजी बिघडला असेल तर कॅल्शियम द्या, ते वेगळं. आणि उलट दिशेची चूक: कॉर्टिसोल मिळताच लघवी धो धो सुटते आणि सोडियम झपाट्यानं वर जातं. २४ तासांत ८-१० अंकांहून जास्त चढू देऊ नका, मेंदूला इजा होते. पहिल्या दिवशी दर ४-६ तासांनी सोडियम.

वेदगंगा

कार्ड कोणत्या भाषेत हवं? इथं मराठी, दवाखान्यात कन्नड, रिपोर्ट इंग्रजीत.

सिस्टर_खानापूर

तिन्हींत. पुढच्या बाजूला कन्नड आणि इंग्रजी, मागं मराठी. १०८ च्या गाडीतल्या माणसाला आणि रात्रपाळीच्या सिस्टरला एका नजरेत कळायला हवं. वाचता येत नसेल तर घरच्यांनी हे वाक्य पाठ करावं: "ई रोगिगे तक्षण हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन कोड्री." कार्डावर आजाराचं नाव, रोजचा डोस, इंजेक्शनचा डोस आणि घरचा फोन. पाकिटात एक, मोबाईलच्या कव्हरमागं एक. सौंदत्तीच्या यात्रेला किंवा वारीला निघताना गळ्यात अडकवा आणि पेटी सोबतच्या माणसाकडे द्या, सामानाच्या गाडीत नको. दिवसभर चालायचं असेल तर जास्तीचे ५ मिग्रॅ आणि मिठाचं पाणी डॉक्टरांना विचारून ठरवा. निर्जळी एकादशी या आजारात नकोच. फराळाचा उपास चालतो, पण गोळी चुकवून नाही.

औषधपेटी

एक शंका. दोन व्हायल घेतल्या आणि वापरायची वेळच आली नाही, तारीख संपली. टाकून द्यायच्या?

सिस्टर_खानापूर

नवीन आणून पेटीत ठेवल्यावरच जुन्या बाहेर काढा, आणि लगेच टाकू नका. घरातल्या ज्याच्या हातून इंजेक्शन द्यायचं आहे त्याला जुनी व्हायल द्या. झाकण काढणं, पाणी सोडणं, फिरवणं, पूर्ण २ मिलि ओढणं, सगळं त्याच्या हातानं. मग मोसंबीत टोचायला सांगा, सालीचा ताण साधारण कातडीसारखाच लागतो. पहिल्यांदा सगळ्यांचीच सुई अर्धवट जाते आणि औषध सालीवर सांडतं. ते मोसंबीवर सांडू दे. दोन-तीनदा केलं की हात बसतो. मोसंबी खायची नाही, ती पुरून टाका. वापरलेल्या सुया टोपण न लावता जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट, आणि ती बाटली पुढच्या फेरीला आरोग्य केंद्रात द्या.

वेदगंगा

दर वर्षी श्रावणाच्या आधी तारीख बघायची असं कॅलेंडरवर लिहून टाकतो. कार्डाचा कन्नड मजकूर तयार आहे, उद्या टाकतो.